वेलँडकडे आताच वळावे का? नव्या लिनक्स वापरकर्त्यांसाठी निर्णयाच्या पायऱ्या

लिनक्सच्या लॉगिन पडद्यावर आपले नाव निवडले की खालच्या कोपऱ्यात दातेरी चाकाचे एक चिन्ह उमटते आणि ते दाबल्यावर अनेक संगणकांवर दोन पर्याय दिसतात: एक वेलँडचा आणि दुसरा एक्स११चा, ज्याला काही ठिकाणी एक्सऑर्ग असेही म्हटलेले असते. प्रोग्रॅमच्या विंडो पडद्यावर दाखवण्याच्या या दोन निरनिराळ्या पद्धती आहेत, पहिली नवी आणि दुसरी जुनी. केडीई या डेस्कटॉपच्या लॉगिन पडद्यावर हीच निवड एका छोट्या यादीतून करता येते. यांपैकी कोणता पर्याय घ्यावा हे तिथे कोणी सांगत नाही आणि शोधायला जावे तर दोन्ही बाजूंची ठाम मते तेवढी हाती लागतात. या लेखाचा हेतू मर्यादित आहे. ज्याने नुकताच लिनक्स वापरायला घेतला आहे त्याला आपल्या संगणकापुरता हा निर्णय स्वतः घेता यावा आणि तो पटला नाही तर काही मिनिटांत मागे फिरता यावे, एवढेच इथे साधायचे आहे.

‘वेलँड आता तयार आहे का?’ असा सरसकट प्रश्न विचारून फारसे काही हाती लागत नाही, असे माझे मत आहे. उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून असते: आपला डेस्कटॉप (म्हणजे ग्नोम, केडीई यांसारखा पॅनेल, मेनू आणि विंडो सांभाळणारा संच) कोणता आणि किती जुना, ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर कोणता, आणि आपण रोज वापरतो त्यांपैकी कोणते प्रोग्रॅम स्वतःच्या विंडोबाहेर हात घालतात. पहिल्या दोन गोष्टी काही मिनिटांत तपासून होतात. खरा निर्णय बहुतेक वेळा तिसरीवर होतो, म्हणून या लेखातही तिलाच सर्वांत जास्त जागा दिली आहे.

नेमके काय बदलते आहे

एक्स विंडो सिस्टीमची सुरुवात १९८४ मध्ये एमआयटीमध्ये झाली आणि तिची अकरावी आवृत्ती, म्हणजेच एक्स११, १९८७ मध्ये आली. प्रोग्रॅम एका मोठ्या संगणकावर चालावा आणि त्याचे चित्र जाळ्यावरून दुसऱ्या टेबलावरच्या पडद्यावर उमटावे, ही त्या काळाची गरज होती. त्यामुळे मध्ये एक सर्व्हर बसवला गेला. पडदा, कीबोर्ड आणि माउस त्याच्या ताब्यात असतात आणि प्रत्येक प्रोग्रॅम काय काढायचे ते त्याला सांगतो. विंडोंच्या चौकटी सांभाळणारा प्रोग्रॅम वेगळा आणि पुढे सावल्या, पारदर्शकता वगैरेंसाठी आलेला कंपोझिटर हाही मूळ सर्व्हरच्या बाहेरचाच. परिणामी एखादी विंडो पडद्यावर पोहोचण्याआधी तिचे चित्र सर्व्हरकडून कंपोझिटरकडे आणि तिथून पुन्हा सर्व्हरकडे असा हेलपाटा घालते.

क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या वेलँडमध्ये हा मधला टप्पा काढून टाकला आहे. कंपोझिटर हाच सर्व्हर असतो. प्रोग्रॅम आपल्या विंडोचे चित्र स्वतः तयार करून त्याच्याकडे सोपवतो आणि कंपोझिटर सर्व विंडो एकत्र मांडून पडद्यावर पाठवतो. वेलँडची १.० ही आवृत्ती २०१२ मध्ये आली. इथे नवख्या माणसाने एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी: वेलँड हा प्रोग्रॅम नसून प्रोग्रॅम आणि कंपोझिटर यांनी आपसांत कसे बोलायचे याचे नियम आहेत. ते नियम अमलात आणणारा कंपोझिटर प्रत्येक डेस्कटॉपचा निरनिराळा असतो. ग्नोमचा मटर, केडीईचा केविन, तर स्वे हा स्वतःच एक कंपोझिटर. त्यामुळे ‘वेलँडवर अमुक चालत नाही’ हे विधान बहुधा अर्धवट असते. कोणत्या कंपोझिटरवर आणि त्याच्या कोणत्या आवृत्तीवर चालत नाही, हे कळल्याशिवाय त्यावरून काही ठरवू नये.

दुसरा बदल सुरक्षेचा आहे. एक्स११ मध्ये एका सत्रात, म्हणजे एकदा लॉगिन केल्यापासून बाहेर पडेपर्यंत, चालणारा कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्या विंडोत दाबलेल्या कळा वाचू शकतो, संपूर्ण पडद्याचे चित्र टिपू शकतो आणि दुसऱ्याची विंडो हलवूही शकतो. वेलँडमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमला फक्त स्वतःची विंडो दिसते. स्क्रीन शेअरिंग, सर्वत्र चालणारे शॉर्टकट, कळा आपोआप दाबणारी साधने, दूरवरून संगणक चालवणे ही सारी कामे त्या जुन्या मोकळिकीवरच उभी होती आणि वेलँडवर त्या प्रत्येकासाठी नवी, परवानगी विचारणारी वाट बांधावी लागली. काही वाटा पूर्ण झाल्या आहेत, काही अजून कच्च्या आहेत. वेलँडबद्दलच्या बहुतेक तक्रारी याच ठिकाणी उगम पावतात.

पायरी १: आपण आत्ता कशावर आहोत ते पाहा

ही पायरी अनेक जण गाळतात आणि नंतर लक्षात येते की आपण तर पहिल्या दिवसापासून वेलँडवरच होतो. ग्नोममध्ये ‘सेटिंग्ज’ उघडून ‘सिस्टीम’ आणि त्यातील ‘अबाउट’ या पानावर जावे; तिथल्या ‘सिस्टीम डिटेल्स’मध्ये ‘विंडोइंग सिस्टीम’ या नावापुढे उत्तर लिहिलेले असते. केडीईमध्ये ‘सिस्टीम सेटिंग्ज’मधील ‘अबाउट धिस सिस्टीम’ या पानावर ‘ग्राफिक्स प्लॅटफॉर्म’ अशी ओळ असते. तिथेच डेस्कटॉपची आवृत्ती आणि ग्राफिक्स कार्डाचे नावही दिसते; दोन्ही टिपून ठेवावीत, पुढच्या पायऱ्यांत लागतील.

आपण आधीच वेलँडवर असू आणि काही अडत नसेल, तर निर्णय झालेलाच आहे. पुढचे वाचन केवळ माहितीसाठी करावे.

पायरी २: आपल्या डेस्कटॉपवर ‘लवकर’ म्हणजे काय ते ठरवा

नवी यंत्रणा लवकर वापरून पाहणे म्हणजे काय, हे प्रत्येक डेस्कटॉपवर वेगळे आहे. फेडोरा या वितरणाने (लिनक्सच्या तयार संचाने) २०१६ मध्ये आपल्या २५व्या आवृत्तीत ग्नोमसाठी वेलँड हाच मूळ, म्हणजे काही न निवडता मिळणारा, पर्याय केला. डेबियनने २०१९ मध्ये, दहाव्या आवृत्तीत तेच केले. केडीईच्या प्लाझ्मा या डेस्कटॉपची सहावी आवृत्ती, प्लाझ्मा ६, फेब्रुवारी २०२४ मध्ये आली तीच वेलँडला मूळ पर्याय मानून. सप्टेंबर २०२५ मधल्या ग्नोम ४९ मध्ये एक्स११ सत्र मुळातच बंद ठेवले आहे, ऑक्टोबर २०२५ च्या उबुंटू २५.१० मध्ये ग्नोमसाठी ते मिळतच नाही आणि रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० मधून तर एक्सऑर्ग सर्व्हरच काढला गेला आहे. केडीईनेही प्लाझ्मा ६.८ पासून एक्स११ सत्र नसेल असे जाहीर केले आहे. ग्नोम आणि केडीई या दोन डेस्कटॉपांच्या ताज्या आवृत्त्या वापरणाऱ्याने स्वतःला धाडसी समजण्याचे कारण उरलेले नाही. तिथे आता एक्स११ वर राहणे हीच विशेष निवड झाली आहे.

लिनक्स मिंटच्या सिनॅमनवर आणि एक्सएफसीईवर मात्र परिस्थिती उलट आहे. सिनॅमनने ६.० या आवृत्तीपासून वेलँड सत्र दिले ते प्रायोगिक म्हणूनच. एक्सएफसीईच्या ४.२० या डिसेंबर २०२४ च्या आवृत्तीत वेलँडचा आधार आला, तोही प्रायोगिकच, आणि एक्सएफसीईचा स्वतःचा विंडो मॅनेजर वेलँडवर चालत नसल्याने लॅबडब्ल्यूसी किंवा वेफायर यांसारखा दुसऱ्याचा कंपोझिटर खाली ठेवावा लागतो. तिथे प्रयोग करणे म्हणजे खरोखर लवकर जाणे होय. प्रयोग जरूर करावा, पण रोजीरोटीच्या कामाचा संगणक त्यात गुंतवू नये, असे मी सुचवेन.

या संदर्भात उबुंटूची वाटचाल पाहण्यासारखी आहे. ऑक्टोबर २०१७ च्या १७.१० या आवृत्तीत तिने वेलँड मूळ पर्याय केला आणि पुढच्याच १८.०४ मध्ये पुन्हा एक्सऑर्गकडे वळली. १७.१० ला नऊ महिन्यांचाच आधार होता, तर १८.०४ ला पाच वर्षांचा. माघारीची कारणे तीन दिली गेली: स्क्रीन शेअरिंग नीट न चालणे, दूरवरून डेस्कटॉप वापरण्यातील अडचणी, आणि ग्नोम शेल कोसळल्यास चालू काम वाचवता न येणे. २१.०४ मध्ये, म्हणजे २०२१ साली, ती पुन्हा वेलँडवर आली. प्रयोग अल्पायुषी आवृत्तीवर करून दीर्घायुषी आवृत्तीत सावध राहण्याची ही पद्धत एकट्या वापरकर्त्यालाही लागू पडते. ती तीन कारणेही विसरू नयेत. चाचणीच्या यादीत आजही मी त्यांना पहिल्या तीन जागा देईन.

डेस्कटॉपची आवृत्ती मी वारंवार सांगतो आहे, त्याला कारण आहे. वेलँडवरची सुधारणा बहुतांशी कंपोझिटरमध्ये होते आणि कंपोझिटर डेस्कटॉपसोबतच येतो. दोन वर्षे जुन्या प्लाझ्मावर आलेला वाईट अनुभव आजच्या प्लाझ्माविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. स्थिर, जुनी आवृत्ती वापरणाऱ्याने म्हणूनच नव्या आवृत्तीच्या कौतुकावर आणि जुन्या आवृत्तीच्या तक्रारींवर सारखाच कमी विश्वास ठेवावा.

पायरी ३: ग्राफिक्स कार्ड

इंटेल आणि एएमडी यांच्या कार्डांचे ड्रायव्हर कर्नेल (लिनक्सचा गाभा) आणि मेसा (ग्राफिक्सचा मुक्त संग्रह) यांच्यासोबतच येतात. अगदीच जुने कार्ड नसेल तर ही पायरी ओलांडून पुढे जावे.

एनव्हिडियाची गोष्ट वेगळी. विंडोच्या चित्रांची देवाणघेवाण कशी करावी याबाबत या कंपनीने अनेक वर्षे इतरांपेक्षा निराळा मार्ग धरला होता आणि सर्वांनी स्वीकारलेला जीबीएम हा मार्ग तिच्या ड्रायव्हरमध्ये २०२१ साली, ४९५ या मालिकेपासून आला. त्यानंतरही एक मोठे दुखणे उरलेच: कार्डाने चित्र पूर्ण काढण्याआधीच कंपोझिटर ते उचलत असे, त्यामुळे विंडो लुकलुकत किंवा टंकलेली अक्षरे क्षणभर मागे जाऊन पुन्हा पुढे येत. चित्र तयार झाल्याची उघड खूण देण्याची सोय २०२४ मध्ये वेलँडच्या नियमांत आली आणि एनव्हिडियाच्या ५५५ या मालिकेपासून ड्रायव्हरनेही ती उचलली. म्हणून सोपा नियम असा: ५५५ किंवा त्यापुढचा ड्रायव्हर आणि तितकाच ताजा डेस्कटॉप असेल तर प्रयोग करावा. जुन्या कार्डामुळे ज्यांना ४७० किंवा ३९० या मालिकांवरच थांबावे लागते त्यांनी एक्स११ वरच राहावे आणि त्याबद्दल खंत करू नये.

दोन ग्राफिक्स कार्डे असलेल्या लॅपटॉपवर बाहेरच्या मॉनिटरची जोडणी अनेकदा एनव्हिडियाच्या कार्डाकडे जाते, तर लॅपटॉपचा स्वतःचा पडदा इंटेल किंवा एएमडीकडे. नुसत्या लॅपटॉपवर सारे सुरळीत दिसले म्हणून निष्कर्ष काढू नये. चाचणी मॉनिटर जोडूनच करावी.

पायरी ४: रोजच्या कामांची यादी

आता मुख्य काम. आठवडाभर आपण संगणकावर जे जे करतो ते कागदावर लिहून काढावे आणि प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न विचारावा: या प्रोग्रॅमला स्वतःच्या विंडोबाहेर काही पाहावे किंवा करावे लागते का?

ब्राउझर, ऑफिस, टर्मिनल, व्हिडिओ प्लेअर, ईमेल यांना सहसा तसे काही लागत नाही. फायरफॉक्स डिसेंबर २०२३ च्या १२१व्या आवृत्तीपासून स्वतःहून वेलँड वापरतो. जे जुने प्रोग्रॅम वेलँड जाणत नाहीत त्यांच्यासाठी एक्सवेलँड नावाचा छोटा एक्स सर्व्हर आत चालतो आणि ते बहुधा नकळत त्यावर उघडतात. एक्स११ सत्र बंद होणे आणि एक्स११ चे प्रोग्रॅम बंद पडणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत; नवख्यांचा सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. सत्र जात आहे, जुने प्रोग्रॅम एक्सवेलँडच्या आधाराने राहणार आहेत.

एखादी विंडो एक्सवेलँडवर आहे की नाही हे ओळखण्याची एक गमतीदार युक्ती आहे. एक्सआइज हा दोन डोळ्यांचा जुना प्रोग्रॅम उघडावा. हे डोळे माउसच्या बाणाचा पाठलाग करतात. पण वेलँड सत्रात त्यांना बाण दिसतो तो एक्सवेलँडच्या विंडोवर असतानाच. बाण हळूहळू वेगवेगळ्या विंडोंवरून फिरवावा: जिथे डोळे हलतात ती विंडो एक्सवेलँडवर, जिथे ते शेवटच्या दिशेला रोखून थिजतात ती अस्सल वेलँडवर. सुरक्षेचा जो बदल वर सांगितला तो यापेक्षा स्पष्ट कुठे दिसत नाही.

आता बाहेर हात घालणाऱ्या कामांकडे वळू.

स्क्रीन शेअरिंग आता पाइपवायर (चित्र आणि आवाज वाहून नेणारा प्रोग्रॅम) आणि डेस्कटॉप पोर्टल (परवानगी विचारणारा मध्यस्थ) या दोघांमार्फत चालते. एक्स११ वर ब्राउझर स्वतःच सर्व विंडोंची यादी दाखवत असे; वेलँडवर ‘शेअर’ दाबल्यावर डेस्कटॉपची स्वतःची चौकट उघडते आणि कोणता पडदा किंवा कोणती विंडो दाखवायची ते तिथे विचारते. क्वचित एकापाठोपाठ दोन चौकटी येतात, त्याने गोंधळू नये. चौकट उघडलीच नाही किंवा समोरच्याला काळा पडदा दिसला, तर आपल्या डेस्कटॉपसाठीचा पोर्टलचा भाग बसवलेला आहे ना, हे आधी पाहावे. स्वे किंवा हायपरलँड यांसारखे सुटे कंपोझिटर वापरणाऱ्यांकडे तो हमखास राहून गेलेला असतो. रेकॉर्डिंगसाठी ओबीएस स्टुडिओ २०२१ च्या २७व्या आवृत्तीपासून हाच मार्ग वापरतो.

बोलताना कळ दाबून धरण्याची सवय असणाऱ्यांनी, म्हणजे खेळताना किंवा बैठकीत मायक्रोफोन एका कळीने चालू-बंद करणाऱ्यांनी, हे स्वतंत्रपणे तपासावे. विंडो समोर नसताना तिला कळा कळाव्यात यासाठी पोर्टलमध्ये सोय झाली आहे. केडीईत ती आधी आली आणि ग्नोममध्ये २०२५ च्या ४८व्या आवृत्तीत. पण प्रोग्रॅमनेही ती वापरायला हवी. केडीईमध्ये जुन्या एक्स११ प्रोग्रॅमांना कळा वाचू देण्याची एक वेगळी सेटिंगही आहे, तिने बरेचदा काम भागते. सुरक्षा थोडी सैल होते, हे मात्र जाणूनबुजून स्वीकारावे.

एक्सडूटूल, डब्ल्यूएमकंट्रोल किंवा ऑटोकी या कळा दाबण्याची आणि विंडो हलवण्याची कामे आपोआप करणाऱ्या साधनांवर ज्यांनी स्वतःच्या छोट्या स्क्रिप्ट उभ्या केल्या आहेत त्यांना सर्वांत जास्त फटका बसतो. ही साधने अस्सल वेलँड विंडोंना पाहूच शकत नाहीत. वायडूटूल हे साधन कर्नेलच्या पातळीवरून कळा आणि माउस हलवू शकते, पण समोर कोणती विंडो आहे हे त्याला कळत नाही. केविनच्या स्वतःच्या स्क्रिप्ट किंवा स्वेच्या आज्ञा वापरून बरेच काही पुन्हा बांधता येते, मात्र ते त्या त्या कंपोझिटरपुरतेच राहते. अशा स्क्रिप्टवर दिवसाचे काम चालत असेल तर घाई करू नये. इथे एक्स११ वर थांबणे हा पूर्णपणे सयुक्तिक निर्णय आहे.

विंडोंच्या जागांचाही प्रश्न आहे. वेलँडमध्ये प्रोग्रॅम आपली विंडो पडद्यावर नेमक्या कोणत्या ठिकाणी उघडायची हे स्वतः ठरवू शकत नाही, ते कंपोझिटर ठरवतो. एकाच विंडोत चालणाऱ्या प्रोग्रॅमला याने काही फरक पडत नाही. अनेक विंडो एकमेकींशेजारी मांडून चालणाऱ्या अभियांत्रिकी प्रोग्रॅमना मात्र पडतो. सर्किटचे आराखडे करण्याच्या किकॅड या प्रकल्पाने २०२५ मध्ये व्यावसायिक वापरासाठी एक्स११ चीच शिफारस केली, त्यामागच्या कारणांत हेही होते.

देवनागरी टंकलेखन तपासल्याशिवाय आपल्यापैकी कोणीच पुढे जाऊ नये. इनस्क्रिप्ट मांडणी कीबोर्डच्या मूळ मांडण्यांमध्येच असल्याने ती दोन्हीकडे सारखीच चालते. रोमन लिपीत टंकून देवनागरी उमटवणारे आयबस किंवा फसिटिक्स ५ या टंकलेखनाच्या प्रोग्रॅमांमार्फत काम करतात आणि तिथे कंपोझिटरशी जुळवणी लागते. ग्नोममध्ये आयबस आधीपासून जोडलेला असतो. प्लाझ्मावर ‘सिस्टीम सेटिंग्ज’मधील ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’ या पानावर जाऊन आयबस किंवा फसिटिक्सचा वेलँड पर्याय निवडावा लागतो. पानाच्या नावावरून ते इथे असेल असा कुणाला संशयही येणार नाही, त्यामुळे अनेक जण ‘वेलँडवर मराठी टंकता येत नाही’ असे म्हणून इथूनच परततात. चाचणी ऑफिसमध्ये, ब्राउझरमध्ये आणि एक्सवेलँडवरच्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये अशी तिन्हीकडे करावी; जोडाक्षर आणि वेलांटी टंकताना सूचनांची पट्टी योग्य जागी येते का, तेही पाहावे.

उरलेल्या बाबी थोडक्यात सांगतो. दूरच्या संगणकावरचा एक्स११ प्रोग्रॅम एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून आपल्या पडद्यावर आणणे एक्सवेलँडमुळे अजून चालते. अस्सल वेलँड प्रोग्रॅमसाठी वेपाइप आहे. ग्नोममध्ये आरडीपी या जोडणीच्या पद्धतीने दूरवरून डेस्कटॉप वापरण्याची सोय आहे आणि ४६व्या आवृत्तीपासून लॉगिनच्या आधीही जोडता येते. बाहेरून आणलेली साधने मात्र एकेक करून तपासावीत. छपाईसाठी रंगांची काटेकोर जुळणी करणाऱ्यांनी थांबावे, कारण रंगव्यवस्थापनाचे नियम २०२५ मध्येच वेलँडमध्ये आले आहेत. पडदा वाचून दाखवणाऱ्या ऑर्कासारख्या साधनावर जे अवलंबून आहेत त्यांनी एक्स११ सत्र हाताशी असल्याशिवाय बदल करू नये. त्यांच्यासाठी एक कळ न चालणे म्हणजे संगणकच बंद पडण्यासारखे आहे.

आणि लाभ? तेही यादीत मांडावेत, नाहीतर पारडे एकीकडेच झुकते. वेगवेगळ्या घनतेचे दोन पडदे असतील, एकावर १०० टक्के आणि दुसऱ्यावर १५० टक्के आकार हवा असेल, किंवा एक ६० हर्ट्झचा आणि दुसरा १४४ हर्ट्झचा असेल, तर वेलँडचा फरक पहिल्या तासातच जाणवतो. टचपॅडवर तीन बोटांनी डेस्कटॉप सरकवताना पडदा बोटांबरोबर चालतो. सरकत्या चित्रात मध्येच पडणारी आडवी फट दिसत नाही. एचडीआर (उजेड-अंधाराचा अधिक मोठा पल्ला दाखवण्याची सोय) हवे असेल तर ते वेलँडवरच आहे. एकच साधा मॉनिटर आणि माउस असणाऱ्याला मात्र फरक फारसा दिसणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. अपूर्णांकी आकार लावला तर एक्सवेलँडवरच्या विंडोतील अक्षरे धूसर दिसू शकतात. केडीईत ‘लेगसी ॲप्लिकेशन्स’ना आकार स्वतः बदलू द्यावा अशी सेटिंग पडद्याच्या पानावर आहे, ती आधी बदलून पाहावी.

पायरी ५: परतीची वाट आधी बांधा

लॉगिनच्या यादीत एक्स११ सत्र खरोखर आहे का, हे वेलँडमध्ये शिरण्याआधी पाहावे. प्लाझ्माच्या काही वितरणांत ते वेगळे पॅकेज म्हणून बसवावे लागते. संगणक चालू होताच आपोआप लॉगिन होत असेल तर ती सोय चाचणीपुरती बंद करावी, कारण सत्र बिघडल्यास निवड करण्याचा पडदाच समोर येणार नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबून मजकुराच्या कन्सोलवर जाता येते. तिथे एकदा लॉगिन करून, बाहेर पडून, डेस्कटॉपवर परत येण्याचा सराव सारे ठीक असतानाच करून ठेवावा.

चाचणीसाठी संगणकावर एक वेगळा वापरकर्ता तयार करणे मला सर्वांत सोयीचे वाटते. पडद्यांची मांडणी, कीबोर्डच्या सेटिंग्ज, पॅनेल हे सगळे त्याचे स्वतंत्र राहते आणि आपल्या रोजच्या खात्याला धक्का लागत नाही. काहीच बसवायचे नसेल तर ताज्या वितरणाची लाइव्ह पेन ड्राइव्ह करून तिच्यावरून संगणक चालू करावा. ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर यांची परीक्षा तिथेही होते. फक्त एनव्हिडियाचा अधिकृत ड्रायव्हर लाइव्ह पेन ड्राइव्हवर बहुधा नसतो, तेव्हा तिथला निकाल त्या कार्डांबाबत ग्राह्य धरू नये.

वितरणाची आवृत्ती बदलणे आणि सत्र बदलणे ही दोन कामे एकाच दिवशी करू नयेत. काही बिघडले तर दोष कशाचा हे शोधता येत नाही.

कंपोझिटर कोसळण्याबद्दल एक सावधगिरी बाळगावी. एक्स११ वर ग्नोम शेल अडकले तर ऑल्ट आणि एफ२ दाबून ‘आर’ अक्षराने ते पुन्हा सुरू करता येत असे आणि उघडे प्रोग्रॅम तसेच राहत. वेलँडवर शेल हेच कंपोझिटर असल्याने ते गेले की सत्र जाते आणि जतन न केलेले कामही जाते. प्लाझ्मा ६ मध्ये क्यूटीवर (केडीई वापरत असलेल्या प्रोग्रॅम-बांधणीच्या संचावर) बांधलेले प्रोग्रॅम कंपोझिटर कोसळल्यावरही तग धरून पुन्हा जोडले जाऊ शकतात, बाकीच्यांची तशी खात्री नाही. चाचणीच्या काळात आपोआप जतन करण्याची सोय चालू ठेवावी.

पायरी ६: चाचणी

चाचणी खऱ्या कामावर आणि सलग काही दिवस करावी. विंडो उघडून बंद करून पाहण्याने काही कळत नाही. तशीच ती काम देण्याची मुदत जवळ असताना करू नये. अवघड गोष्टी पहिल्याच दिवशी उरकाव्यात: दुसऱ्या खात्याने बैठकीत शिरून स्वतःचाच पडदा शेअर करून पाहावा, लॅपटॉप झोपवून उठवावा, मॉनिटर काढून पुन्हा जोडावा, झाकण बंद ठेवून फक्त मॉनिटरवर काम करावे, एका विंडोतून चित्र कॉपी करून एक्सवेलँडच्या विंडोत चिकटवावे.

एखादी गोष्ट अडली की लगेच निष्कर्षावर न येता तीन गोष्टी पाहाव्यात. तीच गोष्ट एक्स११ सत्रात चालते का? चालत नसेल तर वेलँडचा त्यात दोष नाही. अडलेली विंडो अस्सल वेलँडवर आहे की एक्सवेलँडवर? प्रोग्रॅमला दोन्ही येत असतील तर दुसरीकडे चालवून पाहावे. पुष्कळदा तेवढ्यानेच भागते. आणि दुसऱ्या कंपोझिटरवर, उदाहरणार्थ ग्नोमऐवजी प्लाझ्मावर, तेच घडते का? या तीन उत्तरांसह केलेली तक्रार विकासकांच्या उपयोगाची असते आणि ती कोणाकडे करायची हेही त्या उत्तरांवरूनच कळते.

पायरी ७: निर्णय

यादीतले प्रत्येक काम झाले, किंवा अडलेल्या कामाला आपल्याला चालेल असा दुसरा मार्ग मिळाला, तर वेलँड हेच रोजचे सत्र करावे आणि एक्स११ सत्र उपलब्ध असेपर्यंत यादीत राहू द्यावे. एकच काम अडत असेल आणि ते महिन्यातून एकदा येत असेल, तर त्या दिवशी लॉगिन करताना सत्र बदलणे हा अगदी व्यवहार्य तोडगा आहे; दोन्हीपैकी एकाची शपथ घेण्याची गरज नाही. रोजचे काम अडत असेल तर एक्स११ वर राहावे, पण कारण एका ओळीत लिहून ठेवावे: कोणता प्रोग्रॅम, कोणती क्रिया, डेस्कटॉपची कोणती आवृत्ती. डेस्कटॉपची पुढची मोठी आवृत्ती आली की फक्त तेवढीच ओळ पुन्हा तपासायची असते, सगळी चाचणी नव्हे.

ज्यांना अजून काही वर्षे एक्स११ वरच काढायची आहेत त्यांना जागा आहे. उबुंटू २४.०४ मध्ये ग्नोमचे एक्सऑर्ग सत्र मिळते आणि तिचा नेहमीचा आधार २०२९ पर्यंत आहे, तर रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ मध्ये एक्सऑर्ग सर्व्हर असून तिचा आधार २०३२ पर्यंत चालतो. सिनॅमन आणि एक्सएफसीई यांचे मूळ सत्र तर आजही एक्स११ चेच आहे. या आवृत्त्यांवर राहताना ग्नोम किंवा प्लाझ्माची नवी आवृत्ती बाहेरच्या भांडारातून आणून बसवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्या नव्या आवृत्तीत एक्स११ सत्र असेलच असे नाही.